निगेटिव्हची गुंडाळी सुटेपर्यंत

आधी एक विनंती. दिवाळीची आवरासावर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह सापडल्या आणि त्या सुरळी होऊन बसलेल्या असल्या, तर कृपा करून त्यांच्यावर इस्त्री फिरवू नका. हसू नका, दरवर्षी कोणीतरी फिरवतंच. मागे एक शिक्षक आले होते, भले गृहस्थ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आईवडिलांच्या लग्नाची फिल्म त्यांनी ओल्या रुमालाखाली ठेवली आणि इस्त्री अगदी जपून दाबली. रुमाल उचलला तर आईवडील रुमालाला चिकटलेले. तो रुमाल घडी करून, पाकिटात घालून ते माझ्याकडे आले. मी काय करणार होते? चहा दिला.

मी नागपुरात, महाल भागात राहते. लग्न होऊन आले ती फोटो स्टुडिओच्या घरातच आले. खाली स्टुडिओ, वर आम्ही. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. जिला पोळी न करपवता भाजता येते तिला प्रिंटही काढता येतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या मतापायी मी स्वयंपाकघरातून डार्करूममध्ये गेले ती जन्मभर तिथेच राहिले. पुढे डिजिटल आलं, स्टुडिओ बंद झाला, खाली आता मोबाइलची कव्हरं विकतात. माझ्याकडे उरलं ते एवढंच काम. वळलेल्या फिल्म सरळ करायच्या, त्यांचे फोटो काढून द्यायचे आणि पुन्हा वळणार नाहीत अशा बेताने त्या ठेवून द्यायच्या. गल्लीत मला निगेटिव्हवाली काकू म्हणतात. आमचे हे कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, काळजी करण्यासाठी पदक देत असते तर आमच्या घरात ठेवायला जागा उरली नसती.

पण काळजी नाही करायची तर काय करायचं? काम काय आहे ते ऐका आणि मग सांगा.

फिल्मला दोन अंगं असतात. एक प्लास्टिकचं, चकचकीत. दुसरं मंद, त्यावर जिलेटिनचा थर, आणि चित्र असतं ते त्या थरात. जिलेटिन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. हवा कोरडी झाली की आकसतं आणि प्लास्टिकला स्वतःकडे ओढतं. म्हणून फिल्म नेहमी चित्राच्या बाजूने आत वळते. गच्चीवर पापड घातले की घटकाभरात कडा वर येतात, तसं. त्यात आपलं नागपूर! इथले उन्हाळे काढलेली फिल्म बोटांनी उलगडायला जा, कट्कन दोन तुकडे होतात. आवाज बारीकसा असतो, पण ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही.

तेव्हा आधी तिला ओलावा द्यायचा. पाणी लावायचं नाही हं, ओलावा. माझ्याकडे रुंद तोंडाचा एक स्टीलचा डबा आहे. तळाला भिजवून घट्ट पिळलेला स्पंज, त्यावर पिठाची जुनी चाळण पालथी, चाळणीवर फिल्म, आणि झाकणाला आतून ताणून बांधलेलं कोरडं फडकं. फडकं अशासाठी की डबा आतून घामेजतो, आणि झाकणावरून एक थेंब फिल्मवर पडला की त्या जागेचं चित्र गेलं म्हणून समजा. ओलावा कमी पडला तर फिल्म मोडते, जास्त झाला तर जिलेटिन पाघळतं. किती वेळ ठेवायची, असं सगळे विचारतात. याचं उत्तर मला आजही माहीत नाही. प्रत्येक फिल्म आपल्या वेळेने सैल होते, आणि तोवर मी डब्याच्या आसपास घुटमळत असते. ह्यांनी त्याचंही नाव पाडलंय. दर थोड्या वेळाने पेपरातून डोकं वर काढून विचारतात, "काय, शिजलं का?"

सैल झाली की दोन टिपकागदांमध्ये घालायची, वर काच, काचेवर वजन. वाळली की कागदी पाकिटात, एका पाकिटात एकच, आणि पाकिटं उभी. प्लास्टिकच्या पिशवीत नको, डांबराच्या गोळ्या जवळ नकोत, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. घराच्या मधल्या खोलीत, जिथे ना ऊन येतं ना कूलरची हवा. पाकीट उघडल्यावर लोणचं बिघडल्यासारखा आंबट वास आला तर ती फिल्म इतरांपासून ताबडतोब वेगळी करा, कारण तो रोग शेजारणीला लागतो.

कूलरचं मुद्दाम सांगते. लकडगंजात लाकडाचे एक मोठे व्यापारी होते. उन्हाळ्यात निगेटिव्ह तडकतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. म्हणून घरातल्या सगळ्या निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत भरून त्यांनी कूलरच्या समोरच्या फळीवर ठेवल्या. दर उन्हाळ्यात तिथेच. "मॅडम, हमने तो ठंडे में रखे थे," असं ते मला इतक्या भाबडेपणाने म्हणाले की मला रागावताही येईना. माझ्याकडे आली ती विटेसारखी एकच वडी. एकेक फिल्म सोडवायला मी किती खटपट केली म्हणून सांगू! त्यांच्या आजोबांची फिल्म सुटली असं वाटलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत आजोबांचा चेहरा बोटाखालून सायीसारखा सरकला. चूक माझी नव्हती, शेटजींनीही तसं म्हटलं. पण बोटाला ते कळत नाही. तेव्हापासून डब्याचं झाकण उघडण्याआधी मी ते बोट पदराला पुसते, अजूनही पुसते.

आणि अशा धास्तावलेल्या बाईकडे, भर उन्हाळ्यात, शालिकराव आले.

कुहीकडचे. धानाची शेती, पन्नाशी उलटलेली, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, उन्हाने चेहरा रापलेला. जिना चढून आले, पाणी प्यायले, आणि खिशातून पावडरचा एक जुना गोल डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत बोटभर जाडीची एक गच्च सुरळी, वरून पावडर. त्या पावडरीनंच ती चिकटण्यापासून वाचली होती.

"काकू, हे उघडून द्या," ते म्हणाले. "माह्या मोठ्या भावाचा फोटो हाय. मी त्याले पाह्यलं नाही, मी मागून झालो. दोन-अडीच वर्साचा होऊन गेला म्हणते माय. घरी फ्रेम होती. तिले वाळवी लागली, काचेमागं निस्ती माती उरली. आता हे एवढंच."

"इतकी वर्षं कोणाला दाखवली नाही?"

"माय हात लावू देत नव्हती. आता तिनंच काढून देल्ली. तिचे डोळे चालले काकू. काचबिंदू हाय म्हणते डॉक्टर. एक डोळा गेलाच. दुसऱ्यातून नळीतून पाहावं तेवढंसं दिसते. तेही किती दिवस टिकन, सांगता येत नाही म्हणे. तवापासून तिचं एकच चालू हाय. मले पोराचे डोळे पाहाचे हायेत, मंग काय होईन ते होवो."

मी सुरळी उजेडाकडे धरली. आतल्या कडा दोन ठिकाणी तडकलेल्या.

"कोणी उघडून पाहिली?"

"पुतण्यानं पाह्यली जराशी," ते ओशाळून म्हणाले. "कट् आवाज आला त मी त्याच्या हातून घेतली. मंग त्यानं मोबाइलवर काहीतरी केलं, म्हणे आबा, नुसतं सांगा पोट्टं कसं होतं, मी बनवून देतो. बनवलंही. गोरं-गोमटं, गालाले खळी, इंग्लिश शाळेतलं दिसे. मायनं एका डोळ्यानं पाह्यलं अन् म्हणे, काहून गा, हे कोनाचं पोट्टं उचलून आनलं?"

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही मोडू शकते, चेहऱ्यावरून मोडू शकते, आणि मोडली तर पुन्हा जुळत नाही. त्यांनी दुसरीकडे न्यावी असं मनापासून वाटत होतं. पण न्यावी कुठे? नागपुरात हे काम करणारं आता आहे कोण?

"मोडली त मोडली काकू," शालिकराव उठत म्हणाले. "पण मायले सांगू नका. मी सांगीन, फोटोवाली बाई भेटलीच नाही. परवा तिले दवाखान्यात तपासाले आनतो, तवा येतो." आणि ते कुहीची बस पकडायला गेले. माझ्या टेबलावर पावडरचा डबा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फिल्म डब्यात ठेवली. दुपारपर्यंत तिने काही मनावर घेतलं नाही. मी आत डोकावायची, पुन्हा झाकण लावायची. कधी वाटे सुरळी जरा फुगली, कधी वाटे आपल्यालाच तसं दिसतंय. जेवण गेलं नाही. "शिजलं का?" या प्रश्नाला मी ह्यांच्यावर इतकी खेकसले की ते पेपर घेऊन आतल्या खोलीत निघून गेले.

आणि मग लाईट गेली.

मे महिन्यातल्या नागपुरात दुपारची लाईट जाणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. कूलर घरघर करत थांबला, खिडक्यांच्या फटींतून ऊन आत घुसलं आणि खोली बघता बघता तापली. माझ्या मनात पहिला विचार आला डब्याचा. बाहेर गरम, आत स्पंज ओला. आता आत वाफ धरणार. झाकण हलकेच उचललं. फडकं चिंब झालं होतं आणि त्याच्या मधोमध, अगदी फिल्मच्या वर, एक थेंब जमत होता.

"अहो!" मी ओरडले. "धावा!"

हे खरंच धावत आले. त्यांनी झाकण तिरकं न करता तसंच उचलून बाजूला धरलं, मी चाळणीसकट फिल्म बाहेर घेतली. थेंब पडला तो ह्यांच्या पायावर. मी चाळण टेबलावर ठेवली. ह्यांनी काही चेष्टा केली नाही, नुसता पाय पुसला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

फिल्म सैल झाली होती. मऊ ब्रशच्या दांड्याने मी एक कड दाबून धरली आणि दुसरी अगदी थोडी, थोडी सरकवत नेली. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा असतो, केस पांढरे. रोज पाहून पाहून मला तो उलटा माणूसही सरळच दिसतो. आधी झबलं दिसलं, मग गळ्यातला ताईत. मग मुलाच्या मानेखाली एक हात. हातात बांगड्या. हात कोणा बाईचा, आणि ती बाई कापडाच्या मागे बसलेली. मान त्या हातावर सगळी टेकलेली होती.

मी चेहऱ्यापर्यंत आले आणि थांबले. डोळ्यांच्या जागी दोन चकाकणारे डाग होते. मी भिंग घेतलं. मिटलेल्या पापण्यांवर सुरीच्या टोकाने खरवडलेल्या बारीक रेघा होत्या, आणि त्यांत पेन्सिलीचे दोन ठिपके.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. पूर्वी गावाकडे फोटो काढायचं सुचायचं ते पुष्कळदा माणूस गेल्यावर. फोटोवाल्याला बोलावणं जायचं, तो गेलेल्या माणसाचा फोटो काढायचा, आणि घरचे म्हणायचे, डोळे उघडून द्या. कोणी छापलेल्या फोटोवर रंगाने डोळे काढायचे. ज्याचा हात चांगला तो थेट निगेटिव्हवरच. छापल्यावर जिथे काळं यायला हवं तिथे जिलेटिन अलगद खरवडायचं, म्हणजे बुबुळ. जिथे चमक हवी तिथे पेन्सिलीचा ठिपका, आणि पेन्सिल धरावी म्हणून खाली राळेचं पातळ औषध. मामंजींनी असं काम केलेलं मी पाहिलंय. त्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत.

कुहीकडच्या त्या फोटोवाल्याचं काम फार सुंदर होतं. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती आई आयुष्याची शेवटची नजर खर्च करून पोराचे डोळे पाहायला येणार होती, आणि पोराचे डोळे त्या फोटोत नव्हतेच. जे होते ते कोणा फोटोवाल्याने काढलेले. आणि तेही मी टिकवू शकेन की नाही याचा भरवसा नव्हता. टिपकागदात दाबली तर पेन्सिल कागदाला लागून येणार. न दाबता वाळू दिली तर फिल्म पुन्हा वळणार, आणि पहिली चीर जाणार ती जिथे जिलेटिन खरवडलंय तिथून. म्हणजे डोळ्यांतूनच.

"ह्या बाईला माहीत नसेल तर?" मी ह्यांना विचारलं. "शालिकरावांना तर नक्कीच माहीत नाही. मी काय सांगू त्यांना?"

"तू फिल्म सरळ कर," हे म्हणाले. "माणसं सरळ करायला तुला कोणी बोलावलंय?"

राग आला, पण बरंही वाटलं. कामाला लागले. वाळायच्या आत, आहे त्या ओलाव्यातच फोटो घ्यायचा असं ठरवलं. लाईट नव्हती, म्हणजे खालून उजेड देणारी पेटी बंद. मी न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच काढवून घेतली. हो, ह्यांच्याकडूनच. ती दोन खुर्च्यांवर आडवी टेकवली, खाली पांढरी चादर अंथरली, आणि गॅलरीचं दार उघडून उन्हाचा सगळा झोत चादरीवर घेतला. काचेवर फिल्म, चित्राची बाजू वर. फोटोच्या चारी बाजूंना जो कोरा काठ असतो तेवढ्यावरच काचेच्या पट्ट्या ठेवल्या आणि पट्ट्यांवर वजनं. चेहऱ्याला काही शिवू द्यायचं नव्हतं. अंगातून घामाच्या धारा. हे माझ्या कपाळावरचा घाम टॉवेलने टिपत होते, न जाणो थेंब पडला तर! मी कॅमेरा वर लावला.

टिक्.

एवढा बारीक आवाज, पण मी डोळे गच्च मिटले. डोळे उघडायचा धीर होईना. "कोपरा," हे म्हणाले. "कोपराच गेलाय, तिकडे काही नाही." मी पाहिलं. ताईताच्या खाली, कोऱ्या काठाजवळ नखाएवढा तुकडा उडाला होता. दुसऱ्या कडेला फिल्म आता ताण घेऊ लागली होती. मी श्वास धरून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. किती वेळा ते देव जाणे. मग मात्र मी तिथेच फरशीवर बसले आणि हे म्हणाले, "आता चहा मी करतो."

फिल्म तशीच पट्ट्यांखाली, चेहऱ्याला काही न शिवता सपाट वाळू दिली, आणि डोळ्यांतून चीर गेली नाही हे पाहूनच पाकिटात घातली. लाईट आल्यावर कॉम्प्युटरवर चित्र उलटं करून पाहिलं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालं, आणि एक मूल टक्क डोळे उघडून माझ्याकडे पाहू लागलं. एवढे मोठे, जिवंत डोळे! मला माहीत होतं ते खरे नाहीत, तरी मी क्षणभर नजर वळवली.

आता प्रश्न हाताचा. घरातल्या फ्रेमच्या फोटोत तो हात कापलेला असणार. फोटोवाले तसंच करत. हात दिसला तर शालिकराव विचारणार, हा कोणाचा, लेकरू असं कापडाआडून काहून धरलं? म्हणून मी दोन फोटो छापले. एक पूर्ण, तो कपाटात ठेवला. एक हाताच्या वरून कापलेला, मोठा, गडद. तो द्यायचा ठरवला आणि स्वतःलाच बजावलं की डोळ्यांविषयी चकार शब्द काढायचा नाही.

शालिकराव आईला घेऊन आले. पार्बताबाई. काटकुळ्या, ताठ, हिरव्या लुगड्यातल्या. जिना त्यांनी भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत चढला, पण लेकाचा हात घेतला नाही. दवाखान्यातून आल्या होत्या. तिथे काय सांगितलं असं मी शालिकरावांना डोळ्यांनी विचारलं, तर त्यांनी मान खाली घातली.

मी फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो गॅलरीच्या उजेडात धरला, एका डोळ्याच्या अगदी जवळ. एका वेळी त्यांना दिसत होता तो रुपयाएवढा तुकडा. म्हणून फोटोच त्या डोळ्यासमोरून हळूहळू फिरवत होत्या. कान पाहिला. हनुवटी पाहिली. खाली गेल्या, कडेपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या, पुन्हा खाली गेल्या.

"बाई, माहा हात कुठं हाय?"

"हात?"

"याच्या मानेखाली होता. काहून कापला? त्या फोटोवाल्यानंही कापला होता. मले वाटलं, फिलिमात असंन, तुम्ही त देसान."

मी कपाट उघडलं आणि पूर्ण फोटो आणून दिला. त्यांनी पुन्हा तसाच तो डोळ्यासमोरून फिरवला. हातापाशी आल्या आणि थांबल्या. मग वर गेल्या, डोळ्यांपाशी.

"डोळे तसेच हायेत," त्या म्हणाल्या.

"माय," शालिकराव म्हणाले, "दादाचे डोळे तुह्यासारखेच होते नं?"

"माहेच हायेत ते."

शालिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"पोरानं उघडलेच नाहीत मंग," पार्बताबाई म्हणाल्या. फोटो डोळ्यासमोरून हलला नव्हता. "मीच धरून होती त्याले, कापडामागून, मान पडे म्हणून. मातीत देल्ल्यावर फोटोवाल्यानं मले दुकानात बोलावलं. म्हणे बाई, याचे डोळे कसे होते? मी म्हटलं, माह्यासारखे, सारेच म्हणत. त म्हणे बसा खुर्चीत, माह्याकडं पाहा, मी पाहून पाहून बनवतो. अन् रडू नका म्हणे. रडून सुजलेले डोळे देऊ का पोराले?"

"मंग?" शालिकराव लहान मुलासारखे विचारत होते.

"मंग काय गा! नाही रडली. घरी बाया म्हणत, हे काय बाई हाय, पोरगं गेलं अन् कोरडीच. कोनाले सांगू? त्याचं काम होऊन फोटो हाती आला, मंग रडली."

मला राहवलं नाही. त्या बाईंना मी कालपासून काय समजत होते, आणि काय लपवायला निघाले होते! पदर तोंडाला लावून मी तिथेच रडले, आणि ज्यांचं दुःख त्याच माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. "उगी वं बाई, उगी," म्हणत होत्या. शालिकराव गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले होते.

थोड्या वेळाने पार्बताबाईंनी विचारलं, "फिलिम कुठं हाय?" मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. वरूनच बोटांनी चाचपलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सपाट आहे ना म्हणून.

"आता वळनार त नाही?"

"नाही," मी म्हटलं. "मी आहे तोवर तर नाही."

"त मंग तुमच्याचजवळ ठेवा," त्या म्हणाल्या आणि पाकीट माझ्या हातात देऊन वरून माझी मूठ मिटली. "माह्या घरी वाळवी हाय. अन् माहे डोळे त आता चालले. हे तरी उघडे राहू द्या."